अपघाती मृत्यूची फाईल हातात घेणाऱ्या नव्या ज्युनिअर वकिलासाठी

फाईल आली की नवा ज्युनिअर आधी फिर्याद वाचतो. मीही तेच करायचो. आता आधी घटनास्थळ पंचनामा उघडतो. ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने’ हे शब्द प्रत्येक फिर्यादीत असतात. टायर घासल्याची खूण कुठून सुरू झाली, काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्या, हे पंचनाम्यातच सापडतं.

माझ्या पहिल्या केसमध्ये आम्ही मयताच्या पत्नीकडून होतो. साक्षीदार म्हणाला, “टेम्पो खूप जोरात होता.” आरोपीच्या वकिलांनी उलटतपासात एवढंच विचारलं, “किती जोरात?” साक्षीदार गप्प. नुसता ‘जास्त वेग’ म्हणजे हयगय सिद्ध झाली असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये सतीश प्रकरणात सांगितलेलं आहे. त्यातच आमच्या केसमधले पंच फितूर झाले. ड्रायव्हर निर्दोष सुटला. बाहेर बाकावर त्या बाईंनी विचारलं, “म्हणजे आता भरपाईही गेली?” मला उत्तर देता आलं नाही. सीनियरनी दिलं: फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे पुरावा लागतो, भरपाई ठरवणाऱ्या अपघात दावा न्यायाधिकरणात संभाव्यतेचं पारडं, म्हणजे कोणती बाजू जास्त शक्य वाटते एवढं, पुरतं. दोन्ही स्वतंत्र चालतात. हा फरक पहिल्याच भेटीत पक्षकाराला सांगा. कोर्टाच्या बाकावर बसून तो कळू नये.

ड्रायव्हरची बाजू घ्याल तेव्हा अपघाताची तारीख आधी बघा. १ जुलै २०२४ पूर्वीचा अपघात असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, कमाल दोन वर्षं. त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), कमाल पाच वर्षं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे ड्रायव्हर लगेच बाहेर येतो आणि मयताचे नातेवाईक संतापतात. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे त्यांना शांतपणे समजावावं लागतं. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं कलम १०६(२) जानेवारी २०२४ च्या ड्रायव्हरांच्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. अर्जात ते टाकण्याआधी अधिसूचना तपासा.

पण पळून जाणं म्हणून माफ नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकतं. जमावाच्या भीतीने थांबता आलं नाही तर कायदा ते समजून घेतो. मात्र मग गाडी सरळ पोलीस ठाण्यात गेली पाहिजे, उशिरात उशिरा २४ तासांत माहिती द्यायला हवी. रात्री फोन करणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी हेच सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

दारू असेल तर सगळंच बदलतं. मुंबईच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. आज हे न्याय संहितेचं कलम १०५ आहे: अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ पालकाला किंवा मालकाला तीन वर्षं कैद आणि २५,००० रुपये दंडापर्यंत नेतं.

त्या बाईंच्या दाव्यात तोच पंचनामा पुन्हा निघाला. टायरच्या खुणा टेम्पोच्या चुकीच्या बाजूला होत्या. नकाशावर सीनियरनी पेन्सिलने रेघ ओढली आणि हयगय तिथेच ठरली. हिशेब मी मांडला. मयत ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना १२,००० रुपये. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८००. अवलंबून चौघं, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा: १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वयाप्रमाणे गुणक १६: २४,१९,२०० रुपये. अंत्यविधी, सहवासाचं नुकसान ही इतर शीर्षकं वेगळी.

“एवढे पैसे तो ड्रायव्हर कुठून देणार?” त्यांनी विचारलं. ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत संपलेली होती आणि विमा कंपनीने तोच मुद्दा लावून धरला होता. २००४ च्या स्वर्णसिंह निकालाचा आधार घेऊन न्यायाधिकरणाने कंपनीला आधी रक्कम भरायला सांगितलं, नंतर ती मालकाकडून वसूल करायला. पैसे बाईंच्या खात्यात आले.