टेकडीवर सुबाभूळ काढायला निघण्यापूर्वी

सुबाभूळ बाहेरून आलेली, टेकडीभर पसरणारी; ती काढायची तर पहिली तयारी कागदाची. पुण्याजवळच्या टेकडीची जागा वनखात्याची असेल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फांदीलाही कोयता लावू नका. महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज.

मग ओळख, आणि हिच्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. सुबाभळीचं रोप बाभूळ, खैर, हिवर यांच्या पिल्लांसारखंच दिसतं. बोट फिरवून बघा: त्या तिघांना काटे, हिला नाहीत. शिरीषालाही काटे नसतात, पण त्याची पर्णिका (पानातलं एकेक छोटं पान) रुंद, टोकाला बोथट. हिची बारीक, टोकदार. शंका आली तर रोप राहू द्या. चुकून उपटलेला खैर मनाला फार लागतो.

गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया) झाड काढायचं तर ते वेगळंच प्रकरण. तेही सुबाभळीसारखंच मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, आपणच हौसेनं लावलेलं. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या शेंगा तडकन फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून शेंगा हिरव्या असतानाच उतरवा. पावसाळ्यात तोडलेली फांदी ओल्या मातीत टाकू नका, ती तिथेच मूळ धरते.

रोपं उपटायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस होऊन गेल्यावर. तेव्हा सोटमूळ सगळं हातात येतं. कोरड्या जमिनीत ते तुटतं आणि पुन्हा फुटवा. टिकाव, खुरपी, कोयता, जाड हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट घ्या. दगड हातानं उलटू नका, खाली फुरसं असू शकतं. मोठ्या झाडावर घरटं दिसलं तर ते झाड पुढच्या खेपेला.

सगळा उतार एकदम मोकळा करण्याचा मोह आवरा. उघड्या उन्हात घाणेरी आणि रानमोडी ही परकी झुडपं धावत येतात. थोडी जागा मोकळी करायची आणि तिथे आपसूक उगवलेले पळस, मेडशिंगी, बारतोंडी जपायचे. ते आधीपासून खाली दबून बसलेले असतात, नवी लागवड त्यानंतर.

तोडणीचा दिवस मला सगळ्यात सोपा वाटतो. अवघड आहे ते परत येणं. बुंध्याला फुटवे येणारच, मातीतलं बीही वर्षानुवर्षं उगवत राहणार. म्हणून दर तीन आठवड्यांनी कोण येणार त्यांची नावं वहीत लिहूनच पहिला कोयता उचला. तेवढी माणसं नसतील तर तुकडा लहान करा.

आणि शेंगांची गोणी निघताना उजेडात धरून बघा. एक भोक असलं तरी उतरताना वाटभर पेरणी होते.