‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करणाऱ्यांसाठी

‘व्हायरस शिरलाय बहुतेक’ असं म्हणत लोक लॅपटॉप काउंटरवर ठेवतात. चालू केला की ब्राउझरमध्ये कधी न ऐकलेलं सर्च इंजिन उघडतं, कोपऱ्यातून ‘तुमच्या पीसीत शेकडो एरर सापडल्या’ अशी चिठ्ठी वर येते आणि एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत असतात. यात खरा व्हायरस क्वचितच निघतो. जे आलंय ते रीतसर, मालकाची परवानगी घेऊन आलेलं असतं. ती परवानगी आपण कधी दिली हे मालकाला आठवत नाही, आणि ते लक्षात येऊ नये अशीच ती खिडकी बनवलेली असते.

पुण्यात डहाणूकर कॉलनीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. निवृत्त मंडळी, क्लासवाले, सीएकडे आर्टिकलशिप करणारी मुलं, घरून डीटीपीची कामं घेणाऱ्या बायका, असं सगळं गिऱ्हाईक. ‘ताई, परत होऊ नये म्हणून काय करायचं ते लिहून द्या’ हे इतक्या जणांनी म्हटलंय की आता एकदाच सविस्तर लिहिते. सगळं विंडोजबद्दल आहे.

आधी हे होतं का ते समजून घ्या. प्रोग्रॅम फुकट असला तरी वाटणाऱ्याला पैसे हवे असतात. मग इन्स्टॉलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या फाइलच्या, पायऱ्यांमध्ये दुसऱ्या कंपनीचा माल घुसवायचा आणि तो जितक्या मशीनवर चढेल तितके पैसे घ्यायचे, असा हा धंदा. मंडईत भाजीवाली पिशवीत वरून कढीपत्ता टाकते, तो आपल्याला हवाच असतो. इथे मात्र नको असलेला माल आपल्याच हाताने पिशवीत भरून घेतला जातो. आणि हे फक्त गल्लीबोळातल्या साइट करतात असं समजू नका. डाउनलोड डॉट कॉम ही एके काळची नावाजलेली जागा. 2011 मध्ये तिने लोकांच्या फुकट प्रोग्रॅमना स्वतःचं वेष्टन चढवून त्यात टूलबार, म्हणजे ब्राउझरला चिकटणारी जादा पट्टी, घालायला सुरुवात केली. सोर्सफोर्ज या फुकट प्रोग्रॅमच्या साइटवर तर 2015 मध्ये गिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमबाबत तेच झालं. गिम्पवाले तिथून आधीच बाहेर पडले होते, तरी त्यांच्या नावाच्या पानावर जाहिरातींचा इन्स्टॉलर लागला. 2016 मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्यांनी ती पद्धत बंद केली. जावा बसवताना ‘आस्क’ या सर्च इंजिनचा टूलबार कित्येक वर्षं आधीच टिक केलेला यायचा, तो तर जावाची मालक असलेल्या खुद्द ओरॅकलच्या इन्स्टॉलरमध्ये. म्हणून ‘मोठ्या साइटवरून घेतलं होतं हो’ या वाक्याला माझ्याकडे फारशी किंमत नाही.

आता पहिला प्रश्न: डाउनलोड खरंच हवंय का? निम्मी भानगड इथेच मिटते. वर्डमधलं पत्र पीडीएफ करायला कुठलाही ‘फ्री कन्व्हर्टर’ लागत नाही. प्रिंट द्या आणि प्रिंटरच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा, झालं. झिप फाइल विंडोज स्वतः उघडतं, आणि विंडोज 11 ला 2023 च्या अपडेटपासून आरएआर आणि सेव्हन-झेड या झिपसारख्याच फाइलही उघडता येतात. स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल तर विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये व्हिडिओचं बटण आहे.

मराठी टायपिंगबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त घाण याच वाटेने येते. ‘मराठी टायपिंग सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड’ असं शोधलं की पानंच्या पानं निघतात. गुगल इनपुट टूल्सचा विंडोजवर बसणारा जुना प्रोग्रॅम गुगलने केव्हाच बंद केला. आज त्या नावाने जी फाइल मिळते ती कोणीतरी तिसऱ्याने ठेवलेली असते, आत काय आहे ते त्यालाच ठाऊक. खरं तर विंडोज 10 च्या 2019 मधल्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जा, भाषांच्या यादीत मराठी जोडा, मग मराठीच्या ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये कीबोर्ड म्हणून फोनेटिक घ्या. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत, पुन्हा दाबलं की परत. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप करा, देवनागरी उमटेल. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्यांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेला असतो, त्यांना हे चालणार नाही. त्यांनी इन्स्टिट्यूटलाच विचारून घ्यावं, गुगलला नाही.

फॉन्टचंही तसंच. लग्नपत्रिकेसाठी कुणीतरी ‘सुंदर मराठी फॉन्ट’ शोधतं आणि उतरते ती ईएक्सई फाइल, म्हणजे डबल क्लिक केली की चालू होणारा प्रोग्रॅम. फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फार तर त्यांची झिप. फॉन्टच्या नावाखाली ईएक्सई आली तर डबल क्लिक न करता थेट डिलीट करा. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट आहेत, कुठलाही इन्स्टॉलर न लागता.

इतकं करूनही प्रोग्रॅम हवाच असेल, तर तो बनवणाऱ्याच्या दारातून घ्या. इथे गुगलच्या पहिल्या उत्तरावर भरवसा ठेवू नका. वर ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक लिहिलेलं असतं ती जाहिरात. पैसे भरून कोणीही तिथे बसतो, आणि खोट्या साइटवाले हमखास बसतात. व्हिडिओ बघायचा व्हीएलसी हवा असेल तर पत्ता व्हिडिओलॅन डॉट ओआरजी, वर्ड-एक्सेलसारख्या लिब्रेऑफिससाठी लिब्रेऑफिस डॉट ओआरजी, गिम्पसाठी गिम्प डॉट ओआरजी. झिपसारख्या फाइल उघडणाऱ्या सेव्हन-झिपच्या पत्त्यात सातचा आकडा, आडवी रेघ, मग झिप आणि शेवटी डॉट ओआरजी. रेघ विसरलात किंवा शेवटी डॉट कॉम लावलंत की भलत्याच दारात पोचाल. खात्री नसेल तर विकिपीडियावर त्या प्रोग्रॅमचं पान उघडा, उजवीकडच्या चौकटीत अधिकृत वेबसाइट दिलेली असते.

पानावर पोचलात तरी मोठं हिरवं ‘डाउनलोड’ दिसलं म्हणून दाबू नका. तिसऱ्याच कोणाच्या साइटवर अशी तीन-चार बटणं असतात आणि त्यातली बहुतेक जाहिराती असतात. बटणावर माउस नुसता न्या, दाबू नका. ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. तो त्याच साइटचा नसेल तर सोडून द्या.

फाइल उतरली की तिचं नाव आणि आकार बघा. व्हीएलसीचा इन्स्टॉलर चाळीस एमबीच्या आसपास असतो, लिब्रेऑफिसचा तीनशेच्या पुढे. त्याऐवजी दोन एमबीचं काहीतरी आलं आणि नावात ‘डाउनलोडर’ किंवा ‘डाउनलोड मॅनेजर’ असेल, तर ते खरा प्रोग्रॅम नसून वेष्टन आहे. पण नुसत्या आकारावर जाऊ नका: सेव्हन-झिप खराखुरा असूनही दोनेक एमबीचाच असतो. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर चढवा. अनेक अँटिव्हायरस एकदम तपासून सांगतात. एखाद्यानेच आरडाओरडा केला तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच जणांनी ‘बंडलर’ (सोबत दुसरा माल आणणारा) किंवा ‘पीयूए’ (नको असलेला प्रोग्रॅम) म्हटलं तर फाइल टाका. फक्त स्वतःची खासगी कागदपत्रं तिथे चढवू नका, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात.

डबल क्लिक केल्यावर स्क्रीन काळवंडते आणि विंडोज विचारतं, या ॲपला बदल करू द्यायचे का? तिथे प्रकाशकाचं नाव असतं. व्हीएलसी असेल तर ‘व्हिडिओलॅन’, लिब्रेऑफिसला ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’. व्हीएलसी बसवताना तिसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर ‘नो’. सेव्हन-झिपला पिवळी पट्टी आणि ‘अननोन’ दिसतं, कारण त्याचा कर्ता फाइलवर डिजिटल सही करतच नाही. म्हणूनच तो त्याच्याच साइटवरून घ्यायचा.

आता खरी जागा: इन्स्टॉलरच्या खिडक्या. परवाच एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगितलेल्या बाई. त्यांना म्हटलं, माझ्यासमोर बसवून दाखवा. व्हिडिओ कन्व्हर्टर होता. पहिल्या खिडकीत दोन गोल: ‘एक्सप्रेस, रेकमेंडेड’ आणि खाली फिकट अक्षरांत ‘कस्टम, ॲडव्हान्स्ड युजर्स’. बाईंचा हात सरळ एक्सप्रेसवर. त्यांना थांबवून कस्टम घ्यायला लावलं, तर आत तीन टिक आधीच लावलेल्या: होमपेज बदला, सर्च बदला, एक ‘शॉपिंग असिस्टंट’ बसवा. त्या काढल्या. पुढची खिडकी हुबेहूब लायसन्सची, खाली ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. बाई म्हणाल्या, ‘डिक्लाइन केलं तर आपलं कन्व्हर्टरच बसणार नाही ना?’ खिडकीचा मथळा वाचायला सांगितला. करार कन्व्हर्टरचा नव्हताच, कुठल्याशा पीसी ऑप्टिमायझरचा होता. डिक्लाइन दाबलं, कन्व्हर्टरचं काम पुढे सुरू. त्यानंतरच्या खिडकीत तर ‘डिक्लाइन’ राखाडी रंगात, जणू दाबताच येत नाही असं. दाबलं, लागलीच चाललं.

कन्व्हर्टर वेगळा असेल, कंपनी वेगळी असेल, युक्त्या याच. नेहमी कस्टम. प्रत्येक खिडकीचा मथळा वाचा आणि त्यात तुमच्या प्रोग्रॅमचंच नाव आहे ना ते बघा. राखाडी बटण दाबून बघा. ‘नको असल्यास टिक काढू नका’ अशी उलटी वाक्यं असतात, ती दोनदा वाचा. शेवटच्या ‘फिनिश’च्या खिडकीतही टिक असतात. आणि बाहेर पडायची वाटच दिसली नाही तर खिडकी बंद करून प्रोग्रॅमच सोडून द्या. व्हिडिओ कन्व्हर्टर जगात पुष्कळ आहेत.

एक जुनी युक्ती: पूर्ण इन्स्टॉलर उतरलेला असेल तर तो चालवण्याआधी वायफाय बंद करा. जाहिरातीचा माल बऱ्याचदा त्याच क्षणी नेटवरून खेचला जातो. नेटच नसेल तर त्या खिडक्या येतच नाहीत. प्रत्येक वेळी चालेल असं नाही, पण खर्च काहीच नाही.

एवढं वाचत बसायचं नसेल तर निनाइट नावाची साइट आहे. हव्या त्या प्रोग्रॅमवर टिक करा, एकच फाइल मिळते, ती टूलबारना स्वतःच नकार देत सगळं बसवते. नवा लॅपटॉप आला की मी हेच करते. काळ्या खिडकीत कमांड देण्याची भीती नसेल त्यांना विंडोजचंच ‘विंगेट’ आहे. आणि क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, फोटोशॉपचं मला विचारू नका. तिथे आत काय आहे याची चर्चा करण्यातही अर्थ नाही.

विंडोजमध्ये एक कुलूप आहे, ते लावून ठेवा. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’, त्यात ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ची सेटिंग्ज. तिथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करा आणि खालचे दोन्ही टिक लावा. 2020 पासून ही सोय आहे, तरी दुकानात येणाऱ्या कित्येक मशीनवर बंदच सापडते. डाउनलोड अडवण्याचं काम ती फक्त एज ब्राउझरमध्ये करते; क्रोमवाल्यांना फाइल उतरल्यावर अडवते.

घरात आजोबा-आजी वापरत असतील तर त्यांच्यासाठी ‘स्टँडर्ड’ खातं काढा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मुलाकडे किंवा सुनेकडे राहू द्या. काही बसवायचं झालं की फोन येईल. थोडी कटकट आहे, आजोबांना अपमानही वाटतो, पण मी स्वतःच्या वडिलांच्या मशीनवर हेच केलंय.

आणि आधीच घाण बसली असेल तर? सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, आणि यादी तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी तुम्ही तो कन्व्हर्टर बसवला त्याच तारखेचे अनोळखी सोबती दिसतील. त्यांना काढा. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघा, ओळखीची नसतील ती काढा, आणि सेटिंग्ज ‘रिसेट’ करा. कोपऱ्यातल्या त्या घाबरवणाऱ्या चिठ्ठ्या पुष्कळदा प्रोग्रॅमच्या नसतातच. कुठल्यातरी साइटला तुम्ही नोटिफिकेशनसाठी ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमधून ती साइट काढली की शांतता. त्या चिठ्ठ्यांवर दिलेल्या नंबरवर मात्र फोन करायचा नाही. केला असेल, त्यांना मशीन हाताळू दिलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर दुकानात येण्याआधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा आणि बँकेला कळवा.

उरलंसुरलं काढायला मालवेअरबाइट्सचा ॲडडब्ल्यूक्लीनर फुकट आहे, अर्थात त्यांच्याच साइटवरून. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची फुकट साधनं आहेत.

हे प्रोग्रॅम काढतानाही सावध राहा. अनइन्स्टॉल दाबलं की मोठ्या रंगीत बटणावर ‘कीप’ येतं, खरं ‘रिमूव्ह’ खाली बारीक दुव्यासारखं असतं. कधी ‘तुमचा पीसी असुरक्षित होईल’ असं लाल अक्षरांत, कधी पन्नास टक्के सवलत. बारीक दुवा दाबा, मशीन रीस्टार्ट करा आणि तारखेची यादी पुन्हा उघडून बघा, कारण यातले काही परत उगवतात.