फॉस्टर मांजर: आधी नीट ओळखा, मग घर शोधा

रेस्क्यू झालेलं मांजर फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आणायचं ठरलं की आधी एक खोली मोकळी करा. बाथरूम असली तरी चालते. दार नीट बंद झालं पाहिजे, खिडकीला जाळी हवी आणि कपाटामागे किंवा पलंगाखाली तुमचा हात पोचणार नाही अशी फट राहू देऊ नका. लपायला एक पुठ्ठ्याचा खोका ठेवा, कारण लपायला जागा मिळाली की मांजर लवकर सावरतं. लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला.

घरात आधीची मांजरं असतील तर नवं मांजर निदान दोन आठवडे वेगळं ठेवा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने जात नाही, त्यासाठी पातळ केलेलं ब्लीच वापरा. फिनाइल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं. व्हेटकडे पहिल्या खेपेलाच जंताचं औषध, पिसवा, कानातले किडे आणि अंगावरचे नायट्याचे चट्टे, सगळं बघून घ्या. नायटा माणसांनाही लागतो. एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा मांजरांचा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूची रक्ततपासणी करून घेतलीत, तर पुढे घर शोधताना तुम्हाला खरं तेच सांगता येतं.

पहिले काही दिवस मांजराला उचलायला, कुरवाळायला जाऊ नका. जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावून पाहू नका, नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि उघडा. फिस्कारलं तर तसेच बसून राहा. खाण्यावर मात्र बारीक लक्ष हवं. मोठ्या मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. काही दिवसांच्या उपाशीपणाने मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त.

आईवेगळी पिल्लं हे वेगळंच काम आहे, आणि झोपेची सवय मोडायची तयारी असेल तरच ते घ्या. अगदी लहान पिल्लांना दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध नको, त्याने जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच वापरा. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग दूध, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजताना त्याला पोटावरच ठेवायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून, पिळून, शेपटीखाली हलके हलके फिरवायचा. आई जिभेने करते तेच. थोड्या वेळात कापसावर पिवळा डाग उमटतो आणि पोट मऊ लागतं. रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढ व्हायला हवी. वजन थांबलं किंवा घटलं, तर पिल्लू कितीही ठीक दिसत असलं तरी व्हेटकडे न्या. गुठळी होणारं लिटर इतक्यात नको, पिल्लं ते खातात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काम: वही. प्रत्येक मांजराची वेगळी. त्यात ‘गोड आहे, खेळकर आहे’ असलं काही लिहायचं नाही, ते सगळ्याच मांजरांना लागू पडतं. काय पाहिलं ते लिहायचं. काजळी नावाची काळी भाटी माझ्याकडे होती, तिच्या वहीत असं होतं: मिक्सर लागला की कपाटावर चढते. पोटाला हात लावू देत नाही, हनुवटीखाली चालतो. मुलं धावली की लपते. कुणी एका लयीत, हळू आवाजात बोलत राहिलं तर आपणहून येऊन शेजारी बसते, मांडीवर नाही.

हेच सगळं मी तिच्या जाहिरातीत लिहिलं. ‘असं लिहिलंस तर कोण नेणार तिला?’ असं मैत्रीण म्हणाली. फोन कमी आले हे खरं, पण त्यातले एक आजोबा अगदी तिच्यासाठीच आल्यासारखे होते. ते आले, खुर्चीत बसले, तिला एकदाही हाक मारली नाही. ‘झोपते कुठे?’ एवढंच विचारलं आणि माझ्याशी गप्पा मारत राहिले. काजळी खोक्यातून बाहेर येऊन त्यांच्या चपला हुंगून गेली.

फोटो मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. काळ्या मांजरामागे फिकट चादर ठेवा, नाहीतर नुसते डोळे दिसतात.

घर निवडताना माझे प्रश्न ठरलेले असतात. घरातले सगळे तयार आहेत का? कुणाला ॲलर्जी? घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी? गावाला गेलात तर कोण बघणार? खिडक्यांना जाळ्या आहेत का? जाळी नसेल तर ती लागेपर्यंत मांजर माझ्याकडेच राहतं, यात मी सूट देत नाही. वाढदिवसाची भेट म्हणून मांजर मागणाऱ्याला मी नाही म्हणते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू देऊ नका, बारा आठवडे थांबलात तर फारच चांगलं. शक्यतो दोन भावंडं जोडीनेच द्या. आणि नसबंदी करूनच द्या. चार महिन्यांची भाटीसुद्धा गाभण राहू शकते, ‘करून घेऊ’ म्हणता म्हणता वेळ निघून जाते.

देताना लसीकरणाचं कार्ड, नेहमीचं खाणं, थोडं वापरलेलं लिटर आणि न धुतलेली चादर सोबत द्या. ओळखीचा वास असला की मांजर लवकर रुळतं. नव्या घरीही आधी एकच खोली. तिथे आधीचं मांजर असेल तर दोघांच्या चादरींची अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन बाजूंना खाऊ घाला, समोरासमोर नंतर.

मांजर दिल्यावर चौकशी करताना ‘कसं आहे?’ विचारू नका, ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. किती खाल्लं, शी झाली का, रात्री कुठे होतं, हे विचारा. करारात एक अट हवीच: नाही जमलं तर मांजर माझ्याकडे परत, दुसऱ्या कुणाला परस्पर नाही. परत आलं तर नेणाऱ्याला दोष देत बसू नका. त्या घरी काय बिनसलं ते नीट विचारून घ्या आणि वहीत लिहा. पुढचं घर शोधताना तेच पान आधी वाचा.