घाबरणाऱ्या पेशंटला दातांचा डॉक्टर कसा वाटतो, हे मोजायला निघालात तर

डिझर्टेशनला हा विषय घेतला असेल तर आधी एवढं पक्कं करा, की भीती मोजायचीय की डॉक्टरवरचा विश्वास. भीतीसाठी एमडीएएस (मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल) ही प्रश्नावली आहे. त्यात पाच प्रश्न, ५ ते २५ गुण, आणि १९ किंवा जास्त आले तर भीती तीव्र. डॉक्टरशी असलेल्या नात्यासाठी मात्र सुधारित डेंटल बिलीफ्स सर्व्हे घ्या. त्यात २८ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे बेरीज २८ ते १४०. आकडा जितका मोठा, तितकं मत वाईट. डॉक्टर समजावून सांगतात का, दातांवरून घालूनपाडून बोलतात का, मध्येच थांबा म्हणता येतं का, अशा गोष्टी तो विचारतो. दोन्ही भरून घ्या. सारखेच घाबरणारे दोन पेशंट विश्वासाच्या बाबतीत दोन टोकांना असू शकतात, आणि अभ्यासाचा जीव त्यातच आहे.

आता खरा खड्डा. फॉर्म कोण भरून घेतंय आणि कुठे? आमच्याकडे रीत अशी, की पेशंट चेअरवर बसला की इंटर्नने प्रश्न वाचायचे आणि खुणा करायच्या. माझ्या शीटमध्ये रकानेच्या रकाने १, म्हणजे कुणाचीच काही तक्रार नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी होत्या. चेअरवर प्रत्येक प्रश्नाला "काही तक्रार नाही ओ डॉक्टर." नंतर बाहेर बाकावर त्याच म्हणाल्या, "हात वर केला तरी थांबत न्हाईत ओ. आणि मिश्रीवरनं सगळ्यांसमोर बोलले." ज्याच्या हातात सुई आहे, त्याच्याविरुद्ध त्याच्यासमोर कोण बोलेल? असा डेटा कितीही मोठा असला तरी त्यातून पेशंटची भीड तेवढी मोजली जाते.

म्हणून फॉर्म उपचाराआधी, वेटिंगमध्ये, कोट न घालता. भरून घेणारी व्यक्ती उपचार करणाऱ्यांपैकी नको. नवरा, सासू शेजारी नकोत. उत्तरं डॉक्टरांना दिसणार नाहीत, हे तोंडाने सांगा. संमतीपत्रात लिहिलेलं कुणी वाचत नाही. आणि प्रश्न सगळ्या दंतवैद्यांबद्दल आहेत की आजच्या डॉक्टरबद्दल, हे दरवेळी स्पष्ट करा.

सीनियरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तयार मराठी फॉर्म वापरू नका. अगदी स्पष्ट सांगते, तो शॉर्टकट व्हायवाला (तोंडी परीक्षेत) अंगाशी येतो. सोलापुरात मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही लागेल. तिन्हींचं उलट भाषांतर (परत इंग्रजीत करून मूळ प्रश्नाशी ताडून बघणं) आणि पायलट (थोड्या पेशंटवर आधी चाचणी) करावंच लागतं. गाइड "नंतर बघू" म्हणाले तरी स्टॅटिस्टिशियनला सिनॉप्सिसच्या (अभ्यासाच्या आराखड्याच्या) आधीच गाठा.

हे सगळं ऐकून दडपण आलं असेल, पण इथली माणसं बोलकी आहेत. शेजारी बसून ऐकून घेतलंत तर मोकळेपणाने सांगतात.

एक राहिलंच. सगळ्यात जास्त घाबरणारे ओपीडीत येतच नाहीत. ही मर्यादा प्रबंधात लिहा आणि जमल्यास पेशंटसोबत आलेल्या, पण स्वतःचे दात कधीच न दाखवणाऱ्या नातेवाइकांचा वेगळा गट करा. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी सुरुवातीलाच मागून ठेवा.