छोटा पक्ष किंवा अपक्ष म्हणून लढताना: चिन्ह, सूचक आणि मतांचा हिशेब

2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि जाहीर प्रचार 18 नोव्हेंबरच्या संध्याकाळी थांबला. मोठ्या पक्षांचे चिन्ह मतदाराला आधीपासून पाठ असते. अपक्षाला ते माघारीनंतर मिळते आणि मग जेमतेम चौदा दिवसांत ते लाखो मतदारांच्या डोळ्यांत बसवायचे असते. म्हणून मोठ्या पक्षांबाहेरच्या, तिसऱ्या उमेदवाराने पहिली तयारी चिन्हाची करावी.

पक्ष नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त असेल, तर सर्व उमेदवारांसाठी एकच चिन्ह मागता येते. चिन्हांबाबतच्या 1968 च्या आदेशात ही सोय आहे. त्यासाठी विधानसभेला किमान 5 टक्के जागा लढवाव्या लागतात, म्हणजे 288 पैकी 15. सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ती मुदत सुरू होईल त्या आठवड्यातच करा. नोंदणी नसेल तर हा मार्ग उशिरा सुचून उपयोग नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 अ खाली अर्ज, किमान 100 मतदार-सदस्य, वृत्तपत्रांत जाहीर सूचना आणि हरकतींची मुदत यात महिने जातात.

अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हे लिहायची. चिन्ह असे निवडा की रंगारी भिंतीवर चार फटकाऱ्यांत काढेल आणि गावात त्याला एकच नाव असेल: शिट्टी, लिफाफा. दुसऱ्याच्या चिन्हाशी साम्य असलेले घेऊ नका. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाचे चिन्ह होते आणि एका अपक्षाकडे नुसती तुतारी होती. त्या पक्षाचा उमेदवार 32,771 मतांनी हरला. त्या अपक्षाला 37 हजारांवर मते पडली. गोंधळातून आलेली मते पुढच्या निवडणुकीत तुमची राहत नाहीत, आणि मतदाराची फसवणूक झाली ती झालीच.

अर्ज बाद होतात ते बहुधा सूचकांमुळे, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांमुळे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले हवेत. एकाचा यादी भाग किंवा अनुक्रमांक चुकला, की छाननीत अडचण येते. दबाव आला की एखादा सूचक ‘ही सही माझी नाही’ असे सांगून मोकळा होतो. अर्जाचे चार संच भरता येतात. प्रत्येकात वेगळे दहा सूचक घ्या. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणाऱ्या नमुना 26 च्या शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्या. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला मतदार असेल, तर यादीची प्रमाणित प्रत जोडा.

अनामत विधानसभेला 10,000 आणि लोकसभेला 25,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात: दोन लाख वैध मते पडली तर 33,334. खर्चासाठी वेगळे बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्या. हरलेले उमेदवार नेमके हेच विसरतात, आणि तीन वर्षांची अपात्रता ओढवते.

आता मतांचा हिशेब. उभे राहण्याआधी मागच्या निकालातून मतदान केंद्रनिहाय आकडे काढा आणि तुमची मते कोणाकडून येणार हे कागदावर मांडा. 2019 च्या लोकसभेला औरंगाबादेत एमआयएमचा उमेदवार 4,492 मतांनी निवडून आला तेव्हा एका अपक्षाने पावणेतीन लाखांहून जास्त मते घेतली होती. 2024 च्या लोकसभेला सांगलीत लिफाफा चिन्हावरचा अपक्ष सुमारे लाखाच्या फरकाने जिंकला. पण त्याच्यामागे घराण्याचे नाव आणि गावोगावी तयार कार्यकर्ते होते. ते नसताना सांगलीचा दाखला देऊन कोणाला उभे करू नये.

महापालिका आणि नगरपरिषदेत गणित बदलते. इथे राज्य निवडणूक आयोगाकडे नोंदणी वेगळी करावी लागते. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, तिथे पॅनेल चालते. मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक असतो, इतर बहुतेक महापालिकांत चार. तुमचा उमेदवार फक्त ‘ब’ जागेवर असेल, तर मतदाराला सांगा की अ, ब, क, ड या चारही जागांसाठी बटणे दाबायची आहेत. नाहीतर तो गोंधळून ओळखीच्या चिन्हावर चारही मते देऊन येतो.

निवडून आल्यावर अपक्षांनी निकालाच्या अधिसूचनेपासून महिन्याच्या आत आघाडी म्हणून नोंद करावी. स्वीकृत (निवडणुकीशिवाय नेमले जाणारे) सदस्य आणि समित्यांतल्या जागा संख्याबळावर वाटल्या जातात. दोन-तीन नगरसेवक असलेला गट सत्तेच्या बेरजेत खरा वजनदार ठरतो तो इथेच. एकेकटे राहिलेले सभागृहात फक्त बोलू शकतात.

विधानसभा-लोकसभेला मतदान संपताच प्रत्येक केंद्रावरून नमुना 17 क ची, म्हणजे तिथे पडलेल्या मतांच्या नोंदीची, प्रत घेतल्याशिवाय तुमचा प्रतिनिधी उठता कामा नये. मतमोजणीच्या दिवशी आकडे पडताळायला हाच कागद लागतो.