मुराकामींच्या फुलांचा टी-शर्ट : घेताना आणि धुताना या चुका टाळा

जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांनी २००३ मध्ये लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीचा मोनोग्राम, म्हणजे आद्याक्षरांची नक्षी, ३३ रंगांत नव्याने रंगवला आणि त्यानंतर त्यांची चित्रे बॅगा, टी-शर्ट व हुडींवरून जगभर पोहोचली. त्यांची हसरी फुले आज आपल्याकडेही रस्त्यावरच्या स्टॉलपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांतील बरीचशी विनापरवाना छापलेली असतात.

केवळ रंगीबेरंगी आहे म्हणून छपाई अस्सल मानणे, ही पहिली चूक. मुराकामींच्या ठरावीक फुलाला गोल टोकांच्या बारा पाकळ्या असतात. नकलेत अनेकदा त्या दहा किंवा अकराच भरतात, म्हणून पूर्ण दिसणारे एखादे फूल निवडून पाकळ्या मोजाव्यात. त्यांनी मांडलेल्या 'सुपरफ्लॅट' शैलीत खोलीचा आभास टाळून सपाट रंग आणि स्वच्छ बाह्यरेषा यांवर भर असतो, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेल्या लहान चित्राची छपाई रेषेजवळ लगेच उघडी पडते: काळी कड धुरकट होते आणि पिवळा रंग शेजारच्या गुलाबीत मिसळतो. अधिकृत मालाच्या लेबलवर किंवा वेष्टनावर सहसा मुराकामी आणि त्यांची कंपनी काईकाई किकी यांच्या कॉपीराइटची नोंद असते. मात्र तीही नकलता येते, म्हणून विक्रेता अधिकृत आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

कॉलेजच्या महोत्सवासाठी अशी फुले छापून टी-शर्ट विकणे हीदेखील चूकच आहे. भारतात चित्रावरील कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय मूळ चित्र विकत घेतले, तरी ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

खरे नुकसान मात्र घरी होते. सपाट रंगांची ही छपाई बहुधा स्क्रीन प्रिंटची असते आणि शाईचा थर कापडावर बसलेला असल्यामुळे गरम पाणी, ब्रशने घासणे व जोरात पिळणे यांनी त्याला बारीक तडे जातात. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावा, ब्लीच वापरू नये आणि सावलीत वाळत घालावा. पांढऱ्या कापडाला नीळ देताना ती नीट विरघळली नाही, तर फिकट रंगांवर आणि मोकळ्या जागेवर निळे ठिपके पडतात. त्यापेक्षा नीळ न दिलेलीच बरी. इस्त्रीला देतानाही कपडा उलटा करूनच द्यावा, कारण तापलेली इस्त्री थेट शाईवर टेकली की शाई मऊ होऊन तिला चिकटते आणि ते डाग घरी दुरुस्त होत नाहीत. दुसऱ्या कपड्याचा रंग लागल्याचे दिसले, तर टी-शर्ट वाळू न देता लगेच थंड पाण्यात पुन्हा धुवावा. एकदा वाळला किंवा त्यावर इस्त्री फिरली, की तो रंग काढणे फार अवघड होते.