कलस्सैकरांस पत्र मंडळीत शिकवताना: खोटी शिकवण शोधायची कशी

प्रेषित पौलाच्या नावाने कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं हे बायबलमधलं पत्र छोटं आहे: 4 अध्याय, 95 वचनं. त्यात चुकीच्या शिकवणीला भुलू नका असा इशारा आहे. बायबल अभ्यासाला ते घेतलं की पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी विचारतं, "मग ते खोटे शिक्षक होते तरी कोण?" शिकवणारा "ज्ञानवादी" (गूढ ज्ञानानेच तारण मिळतं असं मानणारे) असं उत्तर देऊन मोकळा होतो आणि अभ्यास तिथेच संपतो. एकदा नाव चिकटवलं की पत्राकडे पुन्हा कोणी बघत नाही. खुद्द पत्रात त्या शिक्षकांचं नाव नाही, पंथाचं नाव नाही आणि त्यांनी लिहिलेली एक ओळही शिल्लक नाही. आपल्यासमोर एकाच बाजूचं म्हणणं आहे. त्यावरून दुसऱ्या बाजूचा अंदाज कसा बांधायचा आणि कुठे थांबायचं, हे शिकवणं म्हणजेच हे पत्र शिकवणं.

यासाठी चार बैठका पुरतात, प्रत्येकी सव्वा तासाची. माणसं आठ ते बारा असावीत. पंधराच्या वर गेली की तिघंच बोलतात आणि बाकीचे मान हलवतात. मराठवाड्यात वेळ निवडताना पिकांकडे बघा. जुलै-ऑगस्ट बरा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, आणि दसरा-दिवाळीनंतर बीड-जालन्याकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला निघतात. चार आठवडे तीच माणसं सलग मिळाली नाहीत तर दुसऱ्या बैठकीचा धागा चौथीपर्यंत पोचत नाही. शेतीच्या मोटारीला रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात बैठक संध्याकाळी सहालाच धरा. सामान थोडं: दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं, ड्रॉइंगचे तीन मोठे कागद, दोन रंगांचे स्केचपेन.

पहिली बैठक: चौथ्या अध्यायापासून

सुरुवात दुसऱ्या अध्यायापासून करू नका. आधी एकाने पूर्ण पत्र मोठ्याने वाचावं. सावकाश वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे पत्र मुळात वाचून दाखवण्यासाठीच लिहिलं होतं. 4:16 मध्ये तशी सूचनाच आहे: तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि लावदिकीयाहून येणारं पत्र तुम्हीही वाचा. ते दुसरं पत्र आज उपलब्ध नाही. पुढे त्याच नावाने एक बनावट पत्र लॅटिनमध्ये फिरत होतं. कोणी मोबाइलवर ते काढून दाखवलं तर गोंधळू नका.

मग 4:7-17 मधली नावं कागदावर लिहून घ्या: तुखिक, अनेसिम, अरिस्तार्ख, मार्क, येशू युस्त, एपफ्रास, लूक, दिमास, नुंफा, अर्खिप्प. प्रत्येकापुढे पत्र काय सांगतं ते एका ओळीत लिहा. यातला एपफ्रास सगळ्यात महत्त्वाचा. 1:7 प्रमाणे कलस्सैकरांना सुवार्ता त्याच्याकडून मिळाली आणि 2:1 वरून दिसतं की तिथल्या लोकांनी पौलाला प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. म्हणजे त्या शिकवणीची माहिती पौलापर्यंत पोचली ती कोणाच्या तरी तोंडून, बहुधा एपफ्रासाच्याच. हे आधी डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप नीट विचारले जातात.

नकाशा काढायला विसरू नका. कलस्सै, लावदिकीया आणि हेरापली ही तिन्ही गावं लायकस नदीच्या खोऱ्यात, आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराच्या आसपास. कलस्सै ते लावदिकीया साधारण 18 किलोमीटर, म्हणजे जालन्याहून बदनापूर जितकं. लावदिकीयाहून हेरापली त्याहून जवळ. एवढ्या अंतरात माणसं, माल आणि मतं रोज ये-जा करतात. इफिस मात्र पश्चिमेला दीडशे किलोमीटरहून लांब.

काळाबद्दल थोडक्यात सांगा आणि पुढे चला. पत्र पौलाने स्वतः तुरुंगातून लिहिलं असं धरलं तर इ.स. 60 च्या आसपासचा काळ येतो. भाषा आणि शैली वेगळी वाटते म्हणून ते त्याच्या पश्चात त्याच्या शिष्याने लिहिलं असं मानणारे अभ्यासकही पुष्कळ आहेत. ही चर्चा सुरू झाली की तासभर खाते आणि खोट्या शिकवणीच्या प्रश्नाला तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी बैठक: तीन रकाने

खरं काम इथे आहे. 2:4 ते 2:23 एवढाच भाग घ्या. कागदावर तीन रकाने आखा: "स्पष्ट लिहिलंय", "सूचित होतं", "आपला तर्क". गटातल्या प्रत्येकाने एक वचन वाचायचं आणि त्यातली गोष्ट कोणत्या रकान्यात जाईल ते सांगायचं. पहिल्या रकान्यासाठी एक रंग, उरलेल्या दोन्हींसाठी दुसरा.

पहिल्या रकान्यात येणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. कोणीतरी गोड, पटणाऱ्या बोलण्याने भुलवतंय (2:4). "तत्त्वज्ञान" म्हणून काही सांगितलं जातंय, त्याला माणसांच्या परंपरेचा आधार आहे (2:8). खाणंपिणं, सण, अमावास्या, शब्बाथ (यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस) यांवरून लोकांना दोषी ठरवलं जातंय (2:16). लीनतेचा देखावा, देवदूतांची उपासना, पाहिलेल्या दर्शनांचा तोरा (2:18). "हात लावू नको, चाखू नको" या धर्तीचे नियम (2:21). शरीराला कष्ट देणं (2:23).

दुसऱ्या रकान्यात सुंतेचा मुद्दा येतो. 2:11 मध्ये हातांनी न केलेल्या सुंतेबद्दल लिहिलंय, पण कोणी कलस्सैकरांना सुंता करायला लावत होतं असं कुठेच म्हटलेलं नाही. पौलाच्याच गलतीकरांस पत्रात ते उघड आहे, इथे नाही. गलतीकरांचा वाद उचलून कलस्सैत बसवणं ही या पत्राच्या अभ्यासात नेहमी होणारी चूक आहे.

तिसरा रकाना भराभर भरतो. भरू द्या, पण प्रत्येक तर्कापुढे वचनाचा क्रमांक मागा. क्रमांक मिळाला नाही तर खोडा.

तीन कसोट्या गटाला आधीच सांगून ठेवा. एक, मनाई म्हणजे पुरावा नव्हे. 3:9 मध्ये "एकमेकांशी खोटं बोलू नका" असं आहे, म्हणून कलस्सैचे लोक खोटारडे ठरत नाहीत. दोन, एखादा शब्द पुन्हा पुन्हा आला तर तो विरोधकांचा असेलच असं नाही. "रहस्य" हा शब्द मूळ पत्रात चार वेळा आहे, "पूर्णता" आहे, "ज्ञान" आहे. हे शब्द समोरच्यांकडून उचललेले असू शकतात किंवा पौलाचे स्वतःचेही. तीन, वादाच्या भरात लिहिणारा समोरच्याचं म्हणणं तिखट करून मांडतो. 2:18 मधले लोक स्वतःला "फुगलेले" म्हणवत नसणार.

दोन जागी गट हमखास अडतो. पहिली 2:16 मधली अमावास्या. मराठवाड्यात अमावास्या म्हटलं की लिंबू-मिरची, प्रवास टाळणं, किंवा लातूर-धाराशिवकडे शेतात जेवायला नेणारी वेळ अमावस्या डोळ्यांपुढे येते. इथे अभिप्रेत आहे तो यहूद्यांचा नवचंद्राचा दिवस, कोर दिसल्यावर महिना सुरू होण्याचा, आनंदाचा आणि अर्पणाचा. हे सांगितलं नाही तर संपूर्ण वचन अंधश्रद्धेविरुद्धचं म्हणून वाचलं जातं आणि सण व शब्बाथ हे त्याच यादीत का आहेत ते कळेनासं होतं.

दुसरी जागा देवदूतांची उपासना. मूळ शब्दरचनेचे दोन अर्थ होतात: माणसांनी देवदूतांना भजणं, किंवा देवदूत स्वर्गात करतात त्या उपासनेत दर्शनाद्वारे सामील होणं. दुसरा अर्थ घेतला तर ते शिक्षक मूर्तिपूजक न ठरता अतिउत्साही, उपासतापास करून दर्शनं मिळवणारे भक्त ठरतात. दोन्ही अर्थ कागदावर लिहा, निकाल लावू नका.

2:14 मधल्या ऋणपत्राला मात्र इकडे फार समजावून सांगावं लागत नाही. कर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळच्या इजिप्तमधल्या कागदांवर फेडलेल्या कर्जाची चिठ्ठी फुलीने खोडलेली आढळते, एवढं सांगा.

तिसरी बैठक: उमेदवार आणि उत्तर

आता कुठे नावांकडे वळा. 1973 मध्ये जॉन गुंथर या अभ्यासकाने मोजलं तेव्हा कलस्सैतल्या विरोधकांबद्दल 44 वेगवेगळी मतं मांडली गेलेली होती. त्यातली चार-पाचच घ्या आणि दुसऱ्या बैठकीच्या पहिल्या रकान्याशी ताडून पाहा.

यहूदी नियमांचा आग्रह: सण, नवचंद्र, शब्बाथ इथे नीट बसतात. इ.स.पू. 210 च्या सुमारास तिसऱ्या अंतियोख राजाने मेसोपोटेमियातून 2000 यहूदी कुटुंबं लुदिया आणि फ्रुगिया प्रांतांत वसवली असं जोसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. म्हणजे त्या भागात यहूदी वस्ती जुनी होती. पण नुसत्या नियमशास्त्राने दर्शनांचा आणि देवदूतांचा उलगडा होत नाही. म्हणून काही जण यहूद्यांमधल्याच दर्शनवादी प्रवाहाकडे बोट दाखवतात, उपास करून स्वर्गारोहणाचे अनुभव घेणाऱ्यांकडे. हा उमेदवार रकान्यातल्या सर्वांत जास्त ओळींना लागू पडतो.

स्थानिक लोकधर्म: अदृश्य शक्तींची भीती, त्यांच्यापासून संरक्षणासाठी देवदूतांची नावं घेणं, मंत्र, ताईत. इफिसात जादूटोण्याची पुस्तकं जाळली तेव्हा त्यांची किंमत 50,000 रुपये भरल्याचं प्रेषितांची कृत्ये 19:19 मध्ये आहे (ही चांदीची नाणी, आजचे रुपये नव्हेत). चौथ्या शतकात लावदिकीयाच्याच धर्मसभेने देवदूतांचा धावा करण्यास मनाई केली आणि पाचव्या शतकातला बिशप थिओडोरेट लिहितो की ही खोड फ्रुगियात बराच काळ टिकून होती. हे पुरावे जागेवरचे आहेत, पण पत्रानंतर तीनशे-चारशे वर्षांचे. जपून वापरा.

ज्ञानवाद: "पूर्णता" आणि "ज्ञान" या शब्दांमुळे हा मोह होतो. पण वॅलेंटायनससारखे ज्ञानवादी गुरू दुसऱ्या शतकातले आणि त्यांनी रचलेल्या विचारप्रणालीही त्याच काळातल्या. पहिल्या शतकातल्या पत्रात ती आयती वाचणं म्हणजे नातवाचा फोटो आजोबांच्या आधारकार्डावर लावणं.

शेवटचं मत बहुतेक गटांना अस्वस्थ करतं: मॉर्ना हूकर या अभ्यासकांनी 1973 मध्येच विचारलं की कलस्सैत खोटे शिक्षक होते तरी का? आजूबाजूच्या दबावाला बळी पडू नका, एवढाच सर्वसाधारण इशारा असू शकतो. हे मत मांडल्याशिवाय बैठक संपवू नका. 2:16-23 मधले तपशील फार नेमके आहेत, त्यामुळे ते मला पटत नाही, पण गटाच्या तर्कांना चाप बसवायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

उरलेली वीस मिनिटं 1:15-20 ला द्या. हेच पत्राचं उत्तर आहे. आकाशातल्या आणि पृथ्वीवरच्या सगळ्या सत्ता ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाल्या (1:16), तो त्यांचा मस्तक आहे (2:10), त्याने त्यांना नि:शस्त्र केलं (2:15). ही तीन वचनं एकाखाली एक लिहून घ्या. भीती आणि वरच्या पायरीचा लोभ, दोन्हींचा आधार यात काढून घेतलाय. पूर्णता त्याच्यात आहे आणि ती तुम्हाला मिळालेली आहे (2:9-10), मग आणखी कशाची भर घालायची?

1:15 मधल्या "ज्येष्ठ" या शब्दावर प्रश्न येईलच: म्हणजे ख्रिस्त आधी निर्माण झाला का? चौथ्या शतकात ख्रिस्त निर्माण केलेला आहे असं शिकवणाऱ्या एरियसच्या वादात हे वचन मध्यभागी होतं आणि 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने त्या वादावर निर्णय दिला. उत्तरासाठी स्तोत्र 89:27 उघडा. तिथे दाविदाला ज्येष्ठ केलं जाईल असं आहे आणि दावीद तर इशायाचा सगळ्यात धाकटा मुलगा होता. ज्येष्ठ हा तिथे मान आहे. लगेच 1:16-17 वाचा: सर्व काही त्याच्या द्वारे निर्माण झालं, तो सर्वांच्या आधीचा आहे.

चौथी बैठक: बोट कोणाकडे

हीच बैठक बिघडते. गटात शब्बाथ पाळणारे पाहुणे असतील, संतांची मध्यस्थी मागणाऱ्या घरात दिलेली लेक असेल, दर्शनं सांगणाऱ्या सभेला जाणारा भाऊ असेल. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलसारख्या जुन्या वस्तीत काय किंवा दोन-चार ख्रिस्ती घरांच्या गावात काय, सगळे एकमेकांचे सोयरे. कोणीतरी 2:18 चं वचन दुसऱ्याच्या अंगावर फेकतं आणि पुढच्या आठवड्यात चार माणसं येत नाहीत.

ते टाळायला नियम एकच: पंथाचं, सभेचं, माणसाचं नाव घ्यायचं नाही, वर्तनाचं घ्यायचं. आणि 2:16 काय म्हणतं ते पुन्हा वाचायचं. सण पाळू नका, उपास करू नका असं तिथे म्हटलेलं नाही. त्यावरून कोणाला तुम्हाला दोषी ठरवू देऊ नका, असं आहे. उपास करणारा चुकत नाही. उपास न करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवणारा चुकतो. विशेष तेलाशिवाय प्रार्थना पोचत नाही, ठरावीक माणसाने हात ठेवल्याशिवाय आशीर्वाद अपुरा, असं कोणी शिकवत असेल तर ते 2:9-10 शी ताडून बघा.

शेजारच्या धर्मांकडे ही चर्चा वळवू नका. दुसरा अध्याय मंडळीच्या आतल्या माणसांशी बोलतो. बाहेरच्यांशी कसं वागायचं ते 4:5-6 मध्ये वेगळं सांगितलंय: सुज्ञपणे, आणि बोलणं मिठाने रुचकर केल्यासारखं.

तिसरा अध्याय या बैठकीत झरझर घ्या, पण 3:22-4:1 मधल्या दासांवरच्या वचनांशी थांबावं लागेल. प्रश्न येणारच, आणि येऊ द्यावा. त्याच वेळी पहिल्या बैठकीच्या कागदावरचं अनेसिम हे नाव दाखवा. फिलेमोनाच्या पत्रात याच नावाचा दास आहे, आणि अर्खिप्प तिथेही आहे. ते पत्र 25 वचनांचं. गट टिकला असेल तर पाचव्या आठवड्यात तेच घ्या.